बारा तालुक्यांतील सहा : कोल्हापूरच्या एका पूर्णवेळ प्रवासलेखिकेचे प्रकरण

प्रवासलेखनावर पूर्णवेळ जगता येते का, हा प्रश्न पुण्या-मुंबईत विचारला जातो तेव्हा जवळचा विमानतळ, मोठ्या मासिकांची कार्यालये आणि संपादकांच्या गाठीभेटी या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. कोल्हापुरात तोच प्रश्न वेगळ्या रीतीने उभा राहतो. येथे लिहिणाऱ्यांची वाण नाही. परंतु शहराबाहेरच्या वाचकाला कोल्हापूर म्हटले की अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा आणि तांबडा-पांढरा एवढेच आठवते आणि संपादकही बहुधा तेवढेच मागतात. अशा परिस्थितीत एका स्त्रीने बँकेतील कायम नोकरी सोडून, फारसे कोणी जात नाही अशा ठिकाणांवर लिहिण्याचे काम पूर्णवेळ पत्करले. त्या निर्णयाची कारणे, त्यातील व्यवहार आणि मध्येच उभा राहिलेला एक अवघड प्रसंग येथे नोंदवला आहे. लेखिकेच्या इच्छेनुसार त्यांचे नाव दिलेले नाही आणि ज्या गावाचा संबंध येतो त्या गावाचेही नाव दिलेले नाही. त्यांच्या बहुतेक लेखांचे पहिले वाचन माझ्याकडे होत आले असल्यामुळे मी या प्रकरणात पूर्णपणे तटस्थ नाही, हे आधीच सांगणे योग्य ठरेल.

पार्श्वभूमी

लेखिका मूळच्या गडहिंग्लज तालुक्यातील. लग्नानंतर कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहू लागल्या. पतीचे शिवाजी उद्यमनगरात छोटे लेथचे वर्कशॉप आहे, घरी सासूबाई आणि माध्यमिक शाळेत शिकणारा मुलगा आहे. त्या स्वतः एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होत्या. बँकेच्या कामाचा या प्रकरणाशी काय संबंध, असे वाटू शकेल. पण माझ्या मते सारे बीज तेथेच आहे. शेतीकर्ज, काजू प्रक्रियेच्या उद्योगाचे कर्ज, गुऱ्हाळाचे कर्ज, या सर्वांच्या पाहणीसाठी त्यांना चंदगड, आजरा, भुदरगड अशा तालुक्यांत वारंवार जावे लागे. शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून चहा घेताना सात-बाराच्या जोडीने गावाची कुळकथाही कानावर पडत असे. कोणत्या वाडीत एसटी कोणत्या महिन्यापासून बंद होते, कोणत्या ओढ्याला श्रावणात उतार मिळत नाही, कोणत्या देवळाचा गुरव सकाळी भेटतो आणि कोणत्या देवळाचा फक्त संध्याकाळी, अशी माहिती त्यांच्याकडे नोकरीच्या निमित्ताने साठत गेली. त्या माहितीचा उपयोग बँकेला कर्जवसुलीपुरता होता. त्यांना तो पुरेसा वाटेना.

नोकरीत असतानाच त्यांनी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून लिहायला सुरुवात केली होती. पहिला म्हणण्यासारखा लेख शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरावर होता. ४८ खांबांचा स्वर्गमंडप आणि त्याच्या मध्यभागी आकाशाकडे उघडणारे वर्तुळ यांचे वर्णन तोपर्यंत पुष्कळांनी केलेले होते. लेखिकेने ते दोन परिच्छेदांत आटोपले आणि उरलेल्या लेखात मंदिराच्या दक्षिण दाराजवळचा यादव राजा सिंघण याचा शिलालेख, शिलाहारांच्या सत्तेचा तेराव्या शतकाच्या आरंभी झालेला शेवट आणि पुराच्या काळात कृष्णेकाठच्या या गावात मंदिराची व्यवस्था पाहणारी माणसे यांवर लिहिले. तो लेख वाचून मी त्यांना कळवले होते की, तुमचा हात देवळापेक्षा देवळाभोवतीच्या माणसांवर अधिक बसलेला आहे. आजही माझे मत तेच आहे.

२०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला पूर आला, महामार्ग बंद पडला आणि शहरात पाणी शिरले, त्याच सुमारास बँकेत त्यांच्या बढतीसह जिल्ह्याबाहेर बदलीची चर्चा सुरू झाली. बढती स्वीकारली असती तर तालुक्यांशी असलेला रोजचा संबंध तुटला असता. पुढच्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. घरात या गोष्टीवर बरेच दिवस बोलणे झाले. पतीचा विरोध नव्हता, पण प्रश्न सरळ होता : “तू लिहितीस ते चांगलंच आहे, पण महिन्याच्या महिन्याला काय यायचं ते सांग.” अखेर असे ठरले की, भविष्य निर्वाह निधीतून मिळणाऱ्या रकमेपैकी घरखर्चाच्या एका वर्षापुरता भाग बाजूला ठेवावा, त्याला प्रवासासाठी हात लावू नये आणि वर्षअखेरीस पुन्हा बसून हिशेब पाहावा. सासूबाईंची अट एवढीच होती की, मुक्कामाला कोणाच्या घरी आहे हे संध्याकाळी सातच्या आत फोन करून कळवायचे. ही अट पुढे कामाची एक शिस्तच होऊन बसली.

प्रदेशाची निवड

पूर्णवेळ प्रवासलेखक व्हायचे म्हणजे दूर जायचे, ही कल्पना लेखिकेच्या मनातही सुरुवातीला होती. स्पिती, अरुणाचल, छत्तीसगडचा बस्तर असा एक आराखडा त्यांनी तयार केला होता. त्यावर आमची दीर्घ चर्चा झाली. कोल्हापूरहून अशा ठिकाणी जाण्या-येण्यातच आठवडा जातो, खर्च मोठा होतो, तेथील भाषा येत नाही आणि एवढे करून हाती एक, फार तर दोन लेख येतात. शिवाय त्या प्रदेशांवर तेथलेच लोक आणि वर्षानुवर्षे तेथे जाणारे अभ्यासक अधिक अधिकाराने लिहीत असतात. याउलट कोल्हापूर जिल्ह्याच्या बारा तालुक्यांपैकी गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, गडहिंग्लज आणि चंदगड या सहा तालुक्यांवर, किल्ल्यांची जुजबी माहिती वगळता, सलगपणे लिहिणारे फार थोडे होते. लेखिकेने हे सहा तालुके निवडले आणि पहिली काही वर्षे त्याबाहेर लिहायचे नाही असे ठरवले.

या प्रदेशाची समृद्धी बाहेरच्या माणसाला पटकन जाणवत नाही. पश्चिमेला घाटमाथ्यावरील गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळमध्ये तो पाचशे-सहाशेच्या घरात असतो. काही तासांच्या एसटी प्रवासात भातखाचरे, नाचणी-वरीची शेते, उसाचे मळे आणि माळरान असे सारे आणि त्यांबरोबर बदलणारी घरे, छपरे आणि जेवणे दिसतात. चंदगड तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. आजही तेथील लोकांना बाजारासाठी बेळगाव कोल्हापूरपेक्षा जवळचे आहे आणि बोलीत मराठीबरोबर कोकणी व कन्नडचे शब्द सहज येतात. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण तो तांदूळ ज्या खाचरांत पिकतो ती खाचरे पाहायला क्वचितच कोणी जाते. पारगडावर आजही वस्ती आहे. गडाच्या शिबंदीचे, म्हणजे गडावर नेमलेल्या सैनिकांचे, वंशज म्हणून स्वतःची ओळख सांगणारी कुटुंबे तेथे राहतात आणि तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा हे तेथील पहिले किल्लेदार होते, ही परंपरा जपतात.

प्रवासाची पद्धतही प्रदेशानुसार ठरली. मोटार घेऊन सकाळी निघायचे आणि संध्याकाळी परतायचे, असे केल्यास गाव दिसते पण कळत नाही, हा बँकेतला अनुभव होता. लेखिका शक्यतो मुक्कामी एसटीने जातात. ही गाडी संध्याकाळी उशिरा शेवटच्या गावात पोहोचते, चालक-वाहक रात्री तेथेच राहतात आणि पहाटे तीच गाडी शाळेची मुले, दुधाचे कॅन आणि तालुक्याला निघालेली माणसे घेऊन परत फिरते. वाहकाला संपूर्ण मार्गावरची माणसे नावानिशी माहीत असतात. चालक-वाहक देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत पथारी टाकतात. एकट्या स्त्रीला ते शक्य नसते. यावर लेखिकेने काढलेला मार्ग मला फार उपयोगी वाटतो. त्या आधी गावातील आशा स्वयंसेविकेला किंवा अंगणवाडी सेविकेला फोन करतात, त्यांच्याच घरी उतरतात, जेवणाचे आणि राहण्याचे पैसे संकोच न ठेवता ठरवून देतात. गावात कोण आजारी आहे, कोणाची मुलगी बाळंतपणाला आली आहे, कोणाची मुले कायमची पुण्याला गेली, हे त्या बायकांइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. स्त्री असल्यामुळे मुक्कामाला आलेली अडचण अशा रीतीने माहितीच्या एका विश्वासू दारापर्यंत घेऊन गेली. एकट्याने भटकणाऱ्या पुरुष लेखकांना हे दार बहुतेक वेळा बंदच राहते.

सामानगडाचा लेख

लेखिकेला संपादकांमध्ये नाव मिळाले ते सामानगडावरील दीर्घ लेखामुळे. गडहिंग्लजजवळचा हा किल्ला उंच नाही, चढणीचा थरार नाही, त्यामुळे गिर्यारोहकांच्या यादीत तो खालीच असतो. गडावर जांभ्या दगडात खोदलेल्या विहिरी आहेत. त्यांपैकी एकीत उतरताना कमानींमागून कमानी लागतात, प्रत्येक कमानीगणिक उजेड कमी होतो आणि भिंतींवर टिकावाचे तिरके घाव स्पष्ट दिसत राहतात. लेखिकेने दुपारी, सकाळी आणि पावसाळ्यानंतर अशा वेगवेगळ्या वेळी त्या विहिरीत उतरून, ऊन कोणत्या कमानीपर्यंत पोहोचते आणि पाणी कोणत्या पायरीला लागते हे लिहून ठेवले होते. लेखाचा आरंभ त्या नोंदींनी होतो.

पण लेखाचा कणा १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडाचा आहे. कोल्हापूर संस्थानात शिवाजी चौथे अल्पवयीन असताना इंग्रजांच्या देखरेखीखाली कारभार चालू होता. किल्ल्यांवर वंशपरंपरेने चाकरी करणाऱ्या गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे देण्याचे ठरले आणि त्या असंतोषातून सामानगड व भुदरगड येथे उठाव झाला. तो पन्हाळ्यापर्यंत पोहोचला. बंड मोडल्यानंतर किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली आणि वंशपरंपरागत शिबंदी बरखास्त झाली. लेखिकेने १८८६ च्या कोल्हापूर गॅझेटियरपासून सुरुवात केली, १८५० साली स्थापन झालेल्या करवीर नगर वाचन मंदिरात बसून जुने संदर्भ वाचले, कोल्हापूरच्या पुरालेखागारात कागद पाहिले आणि मग गडाखालच्या गावांत परत जाऊन तेथील आडनावे, इनामांच्या आठवणी आणि घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी त्यांच्याशी ताडून पाहिल्या. जेथे कागद आणि आठवण यांत फरक पडला तेथे त्यांनी दोन्ही दिले आणि कोणते कोठून आले ते सांगितले. आज तेथे जाणाऱ्या माणसाला ढासळलेला तट दिसतो आणि तो काळाच्या ओघात पडला असे त्याला वाटते. हा तट माणसांनी, विशिष्ट वर्षी, विशिष्ट कारणासाठी पाडला, हे त्या लेखामुळे अनेकांना प्रथमच उमगले. अपरिचित ठिकाणांवरील लेखनाचे याहून चांगले समर्थन मला सुचत नाही. सुंदर दृश्याचे छायाचित्र कोणीही काढू शकतो. पडक्या भिंतीला तिचे वर्ष परत मिळवून देण्यासाठी मात्र महिनोन्महिने एकाच जागी परत परत जावे लागते आणि असे परत जाणे नोकरी सांभाळून रविवारी होत नाही. पूर्णवेळ असण्याची गरज येथे आहे.

पैशाचे गणित

या भागात मी अधिक स्पष्ट लिहिणार आहे, कारण नव्याने या वाटेवर येणाऱ्यांशी याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांचे मानधन एका मुक्कामी प्रवासाचा खर्चही अनेकदा भरून काढत नाही आणि ते हाती यायला महिने लागतात. दिवाळी अंकांचे मानधन तुलनेने बरे असते, पण ते वर्षातून एकदाच मिळते आणि त्यासाठीचे लेख ऐन पावसाळ्यात द्यावे लागतात. इंग्रजी नियतकालिके शब्दावर पैसे देतात आणि दर चांगला असतो; तेथे लिहिण्यासाठी लेखिकेने इंग्रजीवर बरीच मेहनत घेतली. पुस्तकाबद्दल अनेकांचा मोठा गैरसमज असतो. समजा, पुस्तकाची किंमत ३०० रुपये, स्वामित्वधन (रॉयल्टी) १० टक्के आणि आवृत्ती १००० प्रतींची आहे. सर्व प्रती खपल्या तरी लेखकाला ३०,००० रुपये मिळतात आणि तेही दोन-तीन वर्षांत विभागून. पुस्तक नावासाठी आणि टिकण्यासाठी लिहावे, घरखर्चासाठी नव्हे.

पहिल्या वर्षी बाजूला ठेवलेल्या रकमेला हात लागला. तो लागणारच होता. दुसऱ्या वर्षी तोल सावरला तो दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे एकाच प्रवासाचा अनेक अंगांनी उपयोग करण्याची सवय. आजऱ्याच्या एका मुक्कामातून घनसाळ तांदळावर शेतीविषयक लेख, हिरण्यकेशीकाठच्या रामतीर्थावर पुरवणीतील लेख, तेथील जेवणावर इंग्रजी लेख आणि पुस्तकातील प्रकरणाचा कच्चा मजकूर, असे चार कामांचे साहित्य निघू शकते. मात्र त्यासाठी टिपणवहीत प्रत्येक नोंदीपुढे कोणी, कोठे आणि कधी सांगितले हे लिहिलेले असावे लागते. लेखिकेला ही सवय कर्जाच्या पाहणी अहवालांनी लावली होती.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे. एका नियतकालिकाने लेखाबरोबर सही करण्यासाठी पाठवलेल्या करारात मजकुराचे आणि छायाचित्रांचे सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे देण्याची अट होती. लेखिका सही करणार होत्या. तोपर्यंत त्यांनी अशा अटीकडे लक्ष दिले नव्हते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार स्वतंत्रपणे लिहिणारा लेखक हाच आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो, हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. ‘कायमचे’ हा शब्द लिहिला की मात्र हे संरक्षण संपते. त्यांनी करारात दुरुस्ती मागितली, केवळ प्रथम प्रकाशनाचा हक्क दिला आणि बाकीचे हक्क स्वतःकडे राखले. संपादकांनी थोडी कुरकुर करून ते मान्य केले. हे झाले नसते तर आज त्यांच्या पुस्तकातील तीन प्रकरणे त्यांना स्वतःलाच वापरता आली नसती.

जाहिरातीच्या पैशांबाबत त्यांनी आरंभीच रेघ मारली. ज्या निवासाबद्दल लिहायचे तेथे फुकट राहायचे नाही. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मोफत प्रवास किंवा निवास घेऊन केलेल्या प्रसिद्धीचा तसा स्पष्ट उल्लेख करावा लागतो; लेखिकेचे म्हणणे असे की, उल्लेख केला तरी लेखणीवरचा भार कमी होत नाही. कोकणातील आणि साताऱ्याकडील घरगुती निवासांसाठी त्या माहितीपत्रके आणि फलकांचा मजकूर पैसे घेऊन लिहून देतात, पण त्या भागावर लेख लिहीत नाहीत. ही विभागणी मला योग्य वाटते.

राईचा प्रसंग

भुदरगड तालुक्यातील डोंगरउतारावर एका गावाची देवाची राई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, आहे. आत शिरताच तापमान उतरते. जाडजूड गारंबीचे वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले आहेत, मध्ये छोटे कौलारू देऊळ आहे आणि पायाखाली पानांचा एवढा थर आहे की पाऊल वाजत नाही. गावाचा नेम कडक आहे. तेथील वृद्ध गुरवांनी लेखिकेला सांगितले होते : “चपला भाईर. लाकूड तर सोडाच, पडल्यालं पानबी घरात न्यायचं न्हाई.” या नेमामुळेच आजूबाजूचे डोंगर उघडे पडले असताना ती राई टिकली.

एका इंग्रजी नियतकालिकाने या विषयावर मोठा लेख मागितला. अट अशी होती की गावाचे नाव, पोहोचण्याचा मार्ग आणि नकाशा द्यावा. लेखिकेच्या डोळ्यांपुढे कास पठार होते. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसा यादीत घेतली, त्यांत साताऱ्याचे कास आणि कोल्हापूरचे राधानगरी अभयारण्य ही दोन्ही आहेत. कासला फुलांच्या दिवसांत एवढी गर्दी होऊ लागली की प्रवेशशुल्क आणि रोजच्या संख्येची मर्यादा आणावी लागली. काही हेक्टरांच्या राईला ती गर्दी एक हंगामही सोसवणार नाही, असे लेखिकेचे मत झाले. त्यांनी तालुक्यापुढे काही सांगायचे नाही असे ठरवले, संपादकांनी नकार दिला आणि चांगल्या मानधनाचे काम गेले. लेख अखेर गावाचे नाव न देता एका मराठी दिवाळी अंकात छापून आला.

तरीही ठिकाण ओळखले गेले. लेखासोबतच्या छायाचित्रात देवळाच्या छपराची ठेवण आणि मागची कातळाची धार दिसत होती. त्या भागात फिरलेल्यांना तेवढे पुरे होते. हिवाळ्यात तरुणांचे काही गट गाड्या घेऊन आले, चपला घालून आत गेले, राईच्या कडेला चूल मांडली. लेखिका तातडीने गावात गेल्या. आपली निंदा होईल असे त्यांना वाटले होते, पण गावातल्या एका तरुणाने, जो गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील काम सुटल्यामुळे परत आला होता, वेगळाच प्रश्न विचारला : “ताई, गावाचं नाव झाकलंसा ते चांगल्यासाठीच, मला पटतंय. पण झाकायचं का सांगायचं, हे आमास्नी कुणी इचारलं का?”

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मला हेच वाटते. ठिकाण प्रसिद्ध करणारा लेखक जसा गावाच्या वतीने निर्णय घेतो, तसाच ते लपवणारा लेखकही घेतो. लपवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, एवढाच फरक. लेखिकेला आणि त्यांच्या निर्णयाची पाठराखण करणाऱ्या मलाही हे तोपर्यंत दिसले नव्हते. शिवाय राई काही गुप्त नव्हती. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ती लोकजैवविविधता नोंदवही करते. त्या नोंदवहीत राईची नोंद झालेली होती. ती ग्रामपंचायतीच्या कपाटात होती आणि समितीची बैठक बरेच दिवस झाली नव्हती, इतकेच.

त्यानंतर जे घडले ते सावकाश घडले. ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा गावात दोन तट पडले. वयस्कर मंडळी आणि बहुतेक स्त्रिया बाहेरच्यांना आत सोडायला तयार नव्हत्या; स्त्रियांचे म्हणणे असे की, राईच्या खालच्या झऱ्याचे पाणी गावाला उन्हाळ्यात पुरते आणि ते घाण झाले तर घागरी घेऊन लांब जावे लागणार त्यांनाच. तरुणांना उत्पन्न हवे होते. लेखिकेने कोणत्याही बाजूने बोलायचे नाही असे ठरवून फक्त कासची आणि इतर ठिकाणच्या समित्यांची माहिती मांडली. दोन ग्रामसभा झाल्यानंतर निर्णय झाला : गावातला माणूस बरोबर असल्याशिवाय कोणी राईत जायचे नाही, एका वेळी लहान गटच न्यायचा, देवळापलीकडच्या भागात आणि झऱ्यावर कोणालाच न्यायचे नाही, पावसाळ्यात राई बंद ठेवायची आणि येणाऱ्यांकडून घेतलेल्या पैशांतला ठरावीक भाग समितीत जमा करायचा. वाट दाखवणाऱ्यांना झाडांची आणि पक्ष्यांची माहिती द्यायचे काम कोल्हापुरातील वनस्पतिशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी केले. गुरवांनी एक अट स्वतःहून घातली, की देवळाच्या आतले छायाचित्र कोणी काढायचे नाही.

यातून लेखिकेच्या कामाला नवे अंग मिळाले. शाळांचे शिक्षक आणि निसर्गमंडळांचे सभासद यांच्यासाठी लेखिका हिवाळ्यात अभ्याससहली नेऊ लागल्या आणि त्यातील त्यांचे शुल्क आज घरखर्चाचा मोठा भाग उचलते. येथे माझे आणि त्यांचे एकमत नाही. ज्या गावातून उत्पन्न मिळते त्या गावाविषयी लिहिताना लेखकाला मोकळेपणा राहत नाही, असे मला वाटते. उद्या समितीचा हिशेब बिघडला किंवा झरा आटू लागला तर ते लिहिण्याची वेळ त्यांच्यावरच येईल. त्यांचे उत्तर असे की, चार भिंतींत बसून अलिप्त राहण्यापेक्षा संबंध ठेवून तो उघड सांगणे अधिक प्रामाणिक आहे. त्या भागावरील प्रत्येक लेखाखाली आता सहलींच्या शुल्काचा उल्लेख असतो. तो पुरेसा आहे की नाही, याविषयी आमचा वाद चालूच आहे आणि तो मिटावा अशी माझी घाई नाही.

सद्यःस्थिती

सहा तालुक्यांवरील पुस्तकाचा मजकूर प्रकाशकांकडे गेला आहे. नोकरीतील पगाराएवढे उत्पन्न अद्याप होत नाही. पतीच्या वर्कशॉपला कामे चांगली असली की घर सहज चालते, नसली की ओढाताण होते. वर्षअखेरीचा हिशेब मात्र दर वर्षी मांडला जातो आणि दर वेळी काम पुढे चालू ठेवायचे असेच ठरत आले आहे. मुलगा सुटीत सहलींना बरोबर जातो. छायाचित्रांची निवड करताना लेखिका आता जागा ओळखू येईल अशी खूण आधी तपासतात आणि गावातील कोणाला तरी दाखवल्याखेरीज ती छापायला देत नाहीत.

प्रकाशकांना पुस्तकात प्रत्येक ठिकाणचा नकाशा हवा आहे. सामानगड, पारगड, रामतीर्थ यांच्या नकाशांना अडचण नव्हती, ते देऊन झाले. राईच्या प्रकरणासाठी लेखिकेने नकाशाचे पान कोरे ठेवून पाठवले आहे आणि सोबतच्या पत्रात लिहिले आहे की, गावाचे नाव छापायचे की नाही, नकाशा द्यायचा की केवळ समितीशी संपर्क कसा साधावा एवढेच द्यायचे, हे पावसाळ्यानंतरच्या ग्रामसभेत ठरेल आणि तोपर्यंत छपाई थांबवावी. प्रकाशकांनी वाट पाहण्याचे मान्य केले आहे.